प्रवराकांठचीं दोन धरणें व विलंबाचा माग

अकोलें तालुक्यांत प्रवरेच्या पात्रावर, एकाच खोऱ्यांत, थोड्या अंतरानें दोन मोठीं धरणें उभीं आहेत. वरचें भंडारदऱ्याचें, खालचें निळवंड्याचें. पहिल्याच्या कामास इ. स. १९१० मध्यें आरंभ झाला व ता. १० डिसेंबर १९२६ रोजीं मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. म्हणजे सोळा वर्षें लागलीं. दुसऱ्यास १९७० सालीं मंजुरी मिळाली आणि त्याच्या डाव्या कालव्याचें लोकार्पण ता. २६ ऑक्टोबर २०२३ रोजीं झालें. म्हणजे त्रेपन्न वर्षें गेलीं. वरचें धरण कांहीं लहान नाहीं. उलट उंचीनें व सांठ्यानें तेंच मोठें आहे. मग हें अंतर पडलें कोठें? आणि तें पडत असतां, पहिल्या कांहीं वर्षांतच, पाहणाऱ्यास दिसण्यासारखें होतें काय?

हा प्रश्न इंजिनिअरांचा आहे, इतिहासाच्या त्रैमासिकांत त्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, विलंब ही देखील एक ऐतिहासिक घटना आहे. लढाई कोणत्या दिवशीं झाली हें जसें पत्रांच्या मित्यांवरून ठरवितां येतें, तसेंच काम कोणत्या दिवशीं मागें पडूं लागलें हेंही कागदांवरूनच ठरवितां येतें. मात्र ते कागद शिल्लक असले पाहिजेत. ते शिल्लक राहतील किंवा नाहीं याची चिंता वाटल्यामुळेंच हा लेख लिहिण्याचें आम्हीं मनावर घेतलें आहे.

प्रथम शब्दाचा विचार करूं. ‘टप्पा’ हा शब्द मुळांत वाटेचा आहे. प्रवासाच्या किंवा डाकेच्या एका ठाण्यापासून दुसऱ्या ठाण्यापर्यंतची मजल, तो टप्पा. त्याचा खरा उपयोग अंतर मोजण्याचा नव्हे. उशीर वेळींच कळण्याचा आहे. पत्र मुक्कामास पोंचलें नाहीं म्हणजे मग उशीर समजावयाचा, असें टप्प्याच्या डाकेंत नसतें. पहिल्याच ठाण्यावर जासूद सूर्यास्तापर्यंत आला नाहीं, कीं विलंब तेथेंच उघड होतो, आणि अद्याप पुढची वाट शिल्लक असल्यामुळें त्यावर इलाजही करितां येतो. शेवटच्या ठाण्यावर कळलेला उशीर ही नुसती बातमी होय. पहिल्या ठाण्यावर कळलेला उशीर ही सूचना होय.

बांधकामासही आपल्याकडे असेच टप्पे असत. भूमिपूजन, पायाभरणी, चौकट बसविणें, आढें चढविणें व वास्तुशांति, यांस मुहूर्त पाहण्याची चाल घरोघर होती. मुहूर्ताचें धार्मिक महत्त्व क्षणभर बाजूस ठेवलें, तर मालक, गवंडी व सुतार या तिघांस बांधून घेणारी ती एक तारीखच होती. चौकटीचा मुहूर्त चुकला तर तो गांवास कळे. पुण्याच्या शनिवारवाड्याची पायाभरणी ता. १० जानेवारी १७३० रोजीं झाली व वास्तुशांति ता. २२ जानेवारी १७३२ रोजीं. खर्च १६,११० रुपये नोंदला आहे. दोन्ही टोकांच्या तारखा राहिल्या म्हणून दोन वर्षांचा कालावधि आपणांस निःशंकपणें सांगतां येतो.

दुसरी गोष्ट सालाच्या आरंभाची. मराठी दप्तरांतील सुहूर सन सूर्य मृग नक्षत्रीं जाई त्या दिवशीं, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास, बदले. त्यांत मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व पुढें ६०० मिळवून इसवी सन काढण्याचें गणित आमच्या वाचकांच्या हातवळणीचें आहे. परंतु त्या गणितामागील व्यवहार बहुधा नजरेआड होतो. मृगास साल पालटणें म्हणजे हिशेबाची अखेर व उघड्यावरील कामाची अखेर एकाच वेळीं येणें होय. पाऊस सुरू झाला कीं चुना वाळत नाहीं, पायांत पाणी भरतें, गाडीवाट बंद होते व मजूर पेरणीस जातो. म्हणून दख्खनमध्यें बांधकामाचा विलंब महिन्यांनीं मोजून भागत नाहीं. तो मृगांनीं मोजावा लागतो. वैशाखअखेर पुरा व्हावयाचा पाया महिनाभरानें मागें राहिला, तर तो एक महिना मागें पडत नाहीं. दिवाळीपर्यंत पांच-सहा महिने मागें पडतो. हें ध्यानांत न घेतां जुने किंवा नवे कामाचे कागद वाचणें म्हणजे चांद्र मिति सौर समजून वाचण्यासारखें आहे.

आतां आमच्या जिल्ह्याकडे वळूं. अहिल्यानगर हें नांव २०२४ सालीं रूढ झालें; पूर्वींचें अहमदनगर. येथील भुईकोटाचें दगडी काम हुसेन निजामशहानें १५५९ मध्यें सुरू करून १५६२ मध्यें पुरें केलें, असें मानण्यांत येतें. बावीस बुरूज, खोल खंदक व एवढा घेर, आणि काळ अवघा तीन-चार वर्षांचा. शत्रूचें भय हेंच त्या कामाचें वेळापत्रक होतें. फराहबागेची कथा याच्या उलट. तलावाच्या मध्यभागीं उभारलेला तो महाल एकाहून अधिक सरदारांच्या हाताखालून गेला व १५८३ मध्यें पुरा झाला. येथें संशोधकास एक अडचण पडते. शिलालेख किंवा तवारीख बहुधा समाप्तीचें साल सांगते. मधले टप्पे सांगत नाहीं. समाप्तीचें साल हें नेहमींच विजयाच्या आवाजांत बोलतें. काम मध्यें किती वेळां थांबलें, कोणत्या पावसाळ्यानें किती बुडविलें, कोणाच्या मृत्यूनें किती काळ हात आंखडला, हें सारें त्या एका आंकड्याखालीं गाडलें जातें. त्यांतही हिजरी वर्षें चांद्र असल्यामुळें तेहतीस हिजरी वर्षें म्हणजे सुमारें बत्तीस सौर वर्षें होतात. लांबलेल्या कामाचा हिशेब करितांना एवढा फरकही सोडून चालत नाहीं.

भंडारदऱ्याचें काम या दोहोंहून निराळ्या युगांतलें आहे. १८९९–१९०० च्या घोर दुष्काळानंतर नेमलेल्या हिंदुस्थानच्या पाटबंधारे आयोगाचें काम १९०१ ते १९०३ या काळांत सर कॉलिन स्कॉट-मॉंक्रीफ यांच्या अध्यक्षतेखालीं चाललें, आणि त्यानंतर अवर्षणाच्या पट्ट्यांत दुष्काळनिवारक पाटबंधाऱ्यांस विशेष चालना मिळाली. प्रवरेची योजना त्याच काळांतली. विचार सरळ होता. सह्याद्रीच्या माथ्यावर घाटघरच्या बाजूस वर्षास पांच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. तेथून कांहीं मजला पूर्वेस गेलें कीं नगर, राहुरी, नेवासें या भागांत तो पांच-सहाशें मिलिमीटरांवर येतो. डोंगरांत पाणी अडवावें, नदीवाटे खालीं सोडावें, ओझरच्या बंधाऱ्याशीं तें अडवून उजव्या व डाव्या कालव्यांत घ्यावें, अशी ही तीन अंगांची योजना. धरण दगडी, उंची २७० फूट, लांबी सुमारें ५०७ मीटर व सांठा सुमारें अकरा अब्ज घनफूट. त्या काळीं हिंदुस्थानांतील सर्वांत उंच धरणांत त्याची गणना होई. ज्या १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, त्याच सालीं या भिंतीचें काम सुरू झालें, हा योगायोग आम्हांस नमूद करावासा वाटतो.

या कामाच्या सोळा वर्षांत पहिलें महायुद्ध व १९१८ चा इन्फ्ल्युएन्झा हीं दोन संकटें येऊन गेलीं. सोळा वर्षें थोडीं नव्हेत. परंतु अशा भिंतीचा एक गुण आहे: तिचा टप्पा लपवितां येत नाहीं. नदीच्या पात्रांतील भिंत पुढच्या मृगापूर्वीं अमुक उंचीस जावयाची असते; गेली किंवा नाहीं, हें खडकावर खूण करून कोणासही पाहतां येतें. एवढेंच नव्हे, तर नदी स्वतः तिची परीक्षा घेते. वैशाखअखेरची उंची हा त्या कामाचा खरा टप्पा. किती बरास दगड फोडला, किती चुना मळला, किती रुपये खर्चीं पडले, हे आंकडे श्रमाचे आहेत. उंची हा आंकडा फळाचा आहे. या दोहोंतला भेद ज्यानें ओळखला त्यानें विलंब पाहण्याची अर्धी विद्या हस्तगत केली.

उरलेली अर्धी विद्या त्याच सुमारास पश्चिमेकडे आकारास येत होती. पोलंडचा कारोल आदामियेत्स्की यानें १८९६ मध्यें कामांच्या परस्परावलंबनाचा तक्ता बनविला, आणि अमेरिकेंत हेन्री गँट यानें १९१० नंतरच्या दशकांत पट्ट्यांचे तक्ते प्रचारांत आणले, ज्यांत ठरलेला काळ व झालेलें काम एकाच ओळींत दिसे. पुढें १९५७–५८ च्या सुमारास ड्यु पाँ कंपनीनें व अमेरिकी आरमारानें, कोणतीं कामें मागें पडलीं असतां सगळा प्रकल्प मागें पडतो व कोणतीं मागें पडलीं तरी बिघडत नाहीं, हें काढण्याच्या रीति बसविल्या. या सर्वांचें सार साध्या मराठींत सांगतां येतें. प्रत्येक टप्प्यास तीन तारखा असाव्या: आरंभीं ठरलेली, आज अपेक्षित असलेली, आणि प्रत्यक्ष घडलेली. पहिली कधींही खोडूं नये. दुसरी दर खेपेस नव्यानें लिहावी, पण जुनी पुसूं नये. तिसरी काम खरोखर झाल्यावरच भरावी.

यांतील दुसऱ्या तारखेचा उपयोग एका कल्पित उदाहरणानें स्पष्ट करितों. समजा, एक काम चोवीस महिन्यांत पुरें व्हावयाचें ठरलें. सहा महिने झाले, आणि अधिकाऱ्यानें कळविलें कीं आतां तीन महिने अधिक लागतील. वाचणारास वाटतें, विलंब तीन महिन्यांचा. पण हिशेब असा आहे: सहा महिन्यांपूर्वीं काम चोवीस महिने दूर होतें; आज तें एकवीस महिने दूर आहे. सहा महिने चालून तीन महिन्यांचीच वाट उरकली. हीच चाल राहिली तर चोवीसांचे अठ्ठेचाळीस होतील. म्हणजे काम दुप्पट लांबणार, ही गोष्ट सहाव्याच महिन्यांत कागदावर आलेली असते. फक्त ती ‘तीन महिने’ या सौम्य शब्दांत लपलेली असते. आणि सहा महिन्यांत वचनाची तारीखही सहा महिने पुढें सरकली, तर काम चालत नसून जागच्या जागीं उभें आहे असें खुशाल समजावें. यास मोठें गणित लागत नाहीं. जुन्या वचनांचे कागद जपून ठेवलेले लागतात.

या दृष्टीनें निळवंड्याकडे पाहूं. १९७० च्या मंजुरींत या योजनेचा खर्च ७ कोटी ९३ लक्ष रुपये धरला होता; २०२३ मध्यें तो सुमारें ५,१७७ कोटी रुपये सांगण्यांत आला. साडेसहाशें पटींहून अधिक! परंतु या आंकड्यावरून विलंब मोजण्याचा मोह संशोधकानें आवरावा. १९७० चा रुपया व २०२३ चा रुपया एक नव्हे, आणि दोन्ही वेळचें कामही एक नव्हे. रुपया हें रबराचें माप आहे. तारीख हें लोखंडाचें. तारखेच्या बाबतींतही सावधगिरी हवी. भंडारदऱ्याचें १९१० हें साल कामाच्या आरंभाचें आहे, तर निळवंड्याचें १९७० हें मंजुरीचें. म्हणून सोळा व त्रेपन्न हे आंकडे समोरासमोर ठेवणें सर्वस्वीं न्याय्य नाहीं. पण या अन्यायांतच उत्तराचा धागा आहे: निळवंड्याचा फार मोठा काळ पहिला दगड बसण्यापूर्वींच गेला.

याची साक्ष योजनेच्या नांवांतच आहे. ती मुळांत म्हाळादेवी येथें योजिली होती. पुढें जागा बदलून निळवंडें ठरलें, आणि सरकारी कागदांत या योजनेचें नांव ‘ऊर्ध्व प्रवरा, निळवंडे-२’ असें पडलें. हा दोनाचा आंकडा म्हणजे जागा पालटल्याचा एक लहानसा शिलालेखच होय. धरणाची जागा निश्चित होणें हा सर्वांत पहिला टप्पा. तो न गांठतां पुढच्या कोणत्याही तारखेस अर्थ नव्हता. जागा बदलण्याच्या मुळाशीं बुडणाऱ्या गांवांचा प्रश्न होता. महाराष्ट्रांत प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ चा. म्हणजे योजना मंजूर झाली तेव्हां तो नव्हता. ज्यांचीं घरें व शेतें पाण्याखालीं जावयाचीं, त्यांनीं ‘आधीं पुनर्वसन, मग धरण’ असा आग्रह धरला, हें आम्ही दोष म्हणून नोंदवीत नाहीं. दोष असलाच तर तो हिशेबाचा: पुनर्वसन हा टप्पा खरा असतां तक्त्यांत तो धरला गेला नाहीं, आणि न धरलेला टप्पा चुकला असें कोणास दिसत नाहीं.

दुसरी शिकवण कालव्यांची. भिंत उभी राहिली, तिच्यामागें पाणी सांठूं लागलें. साडेआठ अब्ज घनफुटांचा सांठा तयार झाला. तरी कित्येक वर्षें कालवे अपुरे असल्यामुळें ज्या कोरडवाहू गांवांसाठीं हा खटाटोप केला त्यांच्या शिवारांत तें पाणी कालव्यानें पोंचूं शकलें नाहीं. डावा कालवा ८५ किलोमीटर लांबीचा. त्याच्या खालच्या अंगास खोदाई होत असतां अकोलें तालुक्यांतील शिरोभागाचें काम बराच काळ अडलें होतें. तेथील शेतकऱ्यांची बागाईत जमीन त्यांत जात होती व कालवा जमिनीखालून न्यावा अशी त्यांची मागणी होती. आतां कालव्याची प्रगति मैलांनीं मोजणारा म्हणेल, निम्मा कालवा झाला. पण पाणी वरून खालीं येतें. शेवटचे चाळीस किलोमीटर खणले व पहिले दोन राहिले, तर पाण्याच्या दृष्टीनें कालवा निम्मा झालेला नसतो. मुळींच झालेला नसतो. येथें टप्पा ‘किती किलोमीटर’ हा नव्हे. ‘मुखापासून सलग किती’ हा होय. हा एक आंकडा दरसाल मृगाच्या आदल्या दिवशीं गांवच्या चावडीवर लिहिला गेला असता, तर विलंबाचें ठिकाण शेवटच्या गांवच्या शेतकऱ्यासही वेळींच कळलें असतें.

या गांवांनीं वाट किती पाहिली? ता. ३१ मे २०२३ रोजीं डाव्या कालव्यांत पाणी सोडून चांचणी घेतली, तेव्हां मंजुरीच्या सालीं जन्मलेलें मूल त्रेपन्न वर्षांचें झालें होतें. अहमदनगर जिल्ह्यांतील सहा व नाशिक जिल्ह्यांतील एक, अशा सात तालुक्यांतील १८२ गांवांस या कालव्याचा लाभ व्हावयाचा, असें लोकार्पणाच्या वेळीं सांगण्यांत आलें. पाण्याच्या आशेवर विहीर खणणें लांबविलें, मुलीचें लग्न लांबविलें, मुलगा पुण्यामुंबईस मजुरीस धाडला, अशा गोष्टी या मुलखांत कोणास नवलाच्या वाटणार नाहींत. विलंबाचा खर्च सरकारी आंकड्यांत येतो त्याहून फार मोठा असतो, आणि तो भरणारांचीं नांवें कोणत्याही उद्घाटनाच्या शिळेवर नसतात.

कोणी म्हणेल, विलंब आधीं कळला म्हणून काय झालें? कळूनही न टळणारे विलंब असतात. हें आम्हांस मान्य आहे. युद्ध, सांथ, निधीची चणचण, खटले, यांवर तक्ता चालत नाहीं. परंतु आधीं कळल्यानें एक गोष्ट निश्चित होते: इलाज कोठें करावयाचा तें ठिकाण कळतें, आणि वाट पाहणाऱ्यास खरें काय तें सांगतां येतें. वर्षानुवर्षें ‘पुढल्या सालीं’ ऐकत राहण्यापेक्षां ‘अजून दहा वर्षें’ हें कडू वचन पुष्कळ बरें. त्यावर माणूस आपला संसार आखूं शकतो.

आतां मुख्य विनंतीकडे वळतों. या धरणांचा खरा इतिहास उद्घाटनाच्या भाषणांत नाहीं. तो हजेरीपटांत आहे, मासिक प्रगतीच्या तक्त्यांत आहे, मुदतवाढीच्या अर्जांत आहे, आणि सर्वांत अधिक मोजमाप-पुस्तकांत आहे. कचेरीच्या बोलींत ‘एम. बी.’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वहींत कोणत्या तारखेस भिंतीचा कोणता भाग मोजला हें जागेवर लिहिलेलें असतें. तिचें मोल आमच्या दृष्टीनें पेशवाईंतील रोजकीर्दीहून कमी नाहीं. सरकारी दप्तराच्या वर्गवारीप्रमाणें वरच्या वर्गाचे कागद कायम राहतात, खालच्या वर्गांचे ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट होतात. आणि उशीर दाखविणारे रोजचे कागद बहुधा खालच्याच वर्गांत पडतात. राहतो तो मंजुरीचा ठराव व समाप्तीचा दाखला, म्हणजे फराहबागेप्रमाणेंच एक शेवटचें साल. निवृत्त ओव्हरसियर, मुकादम व ठेकेदार यांच्या घरीं मात्र जुन्या डायऱ्या, नकला व छायाचित्रें असण्याचा संभव आहे, आणि माळ्यावरचीं हीं बासनें वाळवीच्या व रद्दीवाल्याच्या वाटेवर आहेत.

राजवाड्यांनीं ज्या चिकाटीनें गांवोगांव हिंडून वाड्यांतील रुमाल सोडविले, त्याच चिकाटीनें आमच्या संग्राहक मित्रांनीं अकोलें, संगमनेर, राहुरी व श्रीरामपूर या बाजूंस एकदां हिंडावें. मूळ कागद मिळेल तेथें मूळ, न मिळेल तेथें छायाप्रत घ्यावी. तारीख नसलेल्या छायाचित्रामागें घरच्या वृद्धास विचारून साल लिहून ठेवावें. आणि जुनें वचन व नवें वचन असे दोन कागद एकत्र सांपडले, तर ते कधींही वेगळे करूं नयेत, कारण विलंबाची मोजणी त्या दोहोंच्या मधल्या अंतरावरच होते. जमा झालेलें साहित्य ठेवण्यास नगर येथें १९६० सालीं स्थापन झालेलें ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे, पुण्यास मंडळ आहे.

वयोवृद्ध माहितगार दिवसेंदिवस विरळ होत चालले आहेत. हें काम मृगापूर्वीं हातीं घेतलें तर बरें.